अठरा तास आणि अठ्ठेचाळीस तास

एप्रिल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये दोन तयाऱ्या एकदम सुरू होतात. एक मिरवणुकीची आणि दुसरी ‘सलग अठरा तास अभ्यास’ या उपक्रमाची. पहाटे सहाला मुले-मुली विहारात सतरंजीवर येऊन बसतात. कुणाजवळ दहावीचे गणित, कुणाजवळ तलाठी भरतीचा प्रश्नसंच, कुणाजवळ ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. मध्ये दोनदा चहा येतो, दुपारी मसालेभात येतो आणि मध्यरात्री टाळ्या वाजतात. ज्या घरात अभ्यासाला स्वतंत्र कोपरा नाही, त्या घरातल्या मुलाला वर्षातून एक दिवस का होईना, पूर्ण शांतता मिळते. ही गोष्ट लहान नाही. हा उपक्रम चालू राहावा असेच मला वाटते.

माझे म्हणणे वेगळे आहे. वर्षातल्या एका दिवसाचा हा आकडा आपण आयुष्यभराचे माप करून टाकला आहे. नोकरीला लागलेला मुलगा ‘दमलो’ म्हणाला की घरातले वडीलधारे चटकन म्हणतात, “बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे आणि तू आठ तासांत दमलास?” या प्रश्नापुढे बोलणेच खुंटते. परंतु आरोग्याच्या पानावर लिहायची संधी मिळाली आहे, तर याच प्रश्नाला हात घालते. कारण बाबासाहेबांनी आपल्याला आणखी एक आकडा देऊन ठेवला आहे, अठ्ठेचाळीस. तो आपण विसरत चाललो आहोत आणि त्याची किंमत माझ्या वयाची मुले-मुली शरीराने चुकवत आहेत.

आधी माझे तास मोजते. मी कडावची. वय अठ्ठावीस. नोकरी ऐरोलीला, एका कंपनीच्या हिशेब विभागात. सकाळी सहाच्या सुमारास मिनिडोअरने, मिळाली तर एसटीने, कर्जत स्टेशन गाठायचे. दहा-बारा किलोमीटर. तिथून लोकलने ठाणे, सव्वा तासाहून जास्त. ठाण्याला जिना चढून-उतरून ट्रान्स हार्बरची गाडी, मग ऐरोली, मग ऑफिस. घराचा उंबरठा ओलांडल्यापासून खुर्चीवर बसेपर्यंत पावणेतीन तास. परतताना तेवढेच. ऑफिसचे जेवणाच्या सुट्टीसह नऊ तास. म्हणजे दिवसाचे साडेचौदा तास घराबाहेर आणि पाच दिवसांचे साडेबहात्तर. माझ्याबरोबर ज्या मैत्रिणींना शनिवारीही जावे लागते, त्यांचे होतात सत्त्याऐंशी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचे नव्वद तासांचे बोलणे गाजले. वाहिन्यांवर चर्चा झाल्या, लोकांनी विनोद केले. कर्जत लोकलमधल्या बायका हसल्या नाहीत, कारण त्यांना त्यात नवीन काही वाटले नाही. सत्तर तास तर आम्ही कधीच ओलांडले आहेत. फरक एवढाच की त्यातल्या साडेसत्तावीस तासांचा पगार कुणी देत नाही आणि ते तास कुणाच्या हिशेबातही नाहीत.

उरले दिवसाचे साडेनऊ तास. डॉक्टर सांगतात त्याप्रमाणे सात तास झोप घ्यायची तर हातात राहतात अडीच तास. त्यात अंघोळ, जेवण, उद्याच्या डब्याची तयारी, कपडे, आजीच्या गोळ्या, लाइट बिल, नातेवाइकांचे फोन. आता या अडीच तासांत मी जिम लावावी, आहार सांभाळावा, एखादा छंद जोपासावा आणि मन प्रसन्न ठेवावे, असे आरोग्याच्या सदरांमधून मला सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण सल्ला देण्याआधी त्याने समोरच्याचे तास विचारलेले नसतात.

आमच्या पिढीची आणखी एक अडचण आहे. ती घरात कुणी उघड बोलत नाही. घराण्यातून खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिलीच. ऑफिसात कुणाच्या आडनावावरून, कुणाच्या १४ एप्रिलच्या सुट्टीच्या अर्जावरून ओळख पटते आणि त्यानंतर नजर थोडी बदलते. खासगी कंपनीत आरक्षण नसते, हे माहीत असूनही ‘तुम्हाला काय, तुमचे सोपे असते’ असा टोमणा ऐकू येतो. मग आपण काय करतो? सगळ्यांच्या आधी येतो, सगळ्यांच्या नंतर निघतो. चूक निघू नये म्हणून तक्ता तीनदा तपासतो. ताप असला तरी रजा टाकत नाही. दुसऱ्याने आठ तासांत सिद्ध केलेली लायकी आपल्याला अकरा तासांत सिद्ध करावी लागते. हे तीन जादा तास कुठून येतात? झोपेतून. अठरा तासांच्या गोष्टीने या सगळ्याला वरून मान्यताच मिळते. आपण म्हणतो, मी बाबासाहेबांच्या वाटेवर आहे.

म्हणून बाबासाहेबांची दुसरी वाट नीट पाहायला हवी. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. ‘बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले’ असे एक वाक्य मोबाइलवर फिरत असते. कायद्याच्या कागदावरचा आकडा आठवड्याचा आहे आणि तो सांगायला अधिक पक्का आहे. १९४६ च्या कारखाने कायदा दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्याआधीच्या १९४५ च्या दुरुस्तीने कामगाराला पगारी रजा मिळाली. म्हणजे स्वतः रात्री जागून वाचणाऱ्या या माणसाने कामगारासाठी काय मागितले, तर कमी तास आणि सुट्टी. त्यांनी कामगाराला ‘माझ्यासारखे अठरा तास कर’ असे सांगितले नाही.

आपल्या लोकांना या आकड्याचे मोल इतरांहून जास्त कळायला हवे. महारकी वतनात कामाला तासच नव्हते. बोलावणे येईल तेव्हा जायचे, दिवस असो की रात्र. घरचा कर्ता हजर नसेल तर त्याच्या बापाने जायचे, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणी. मोबदला कधी मिळेल, किती मिळेल, हे देणाऱ्याच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले तेव्हा त्यांचा रोख नेमका इथे होता. काम किती आणि कधी, हे ठरलेले नसणे म्हणजेच बांधलेपण. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली. आता रात्री दहाला ऑफिसच्या ग्रुपवर ‘जरा ती फाइल पाठव’ असा निरोप येतो आणि आपण जेवणाचे ताट बाजूला सारून लॅपटॉप उघडतो. वतन आणि नोकरी एकच आहे असे मी म्हणत नाही. मला पगार मिळतो, मी राजीनामा देऊ शकते. पण बोलावणे आले की उठायचे, ही सवय कुठून आली असेल, असा विचार त्या वेळी मनात येतो.

सुट्टीचेही तसेच. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, ती जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सात-आठ वर्षे लढा दिल्यावर. जी गोष्ट मिळवायला आपल्याच माणसांना भांडावे लागले, ती आपण ‘वर्कलोड आहे’ म्हणून सहज परत देतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाला नऊऐवजी बारा तासांपर्यंत आणि दुकाने-आस्थापनांत नऊऐवजी दहा तासांपर्यंत काम घेता येईल अशा बदलांना मान्यता दिली. जादा कामाचा मोबदला आणि कामगाराची संमती या गोष्टी त्यात आहेत, असे सांगण्यात आले. ज्याच्या नोकरीचा करार अकरा महिन्यांचा आहे त्याची संमती कशी असते, हे खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत कंत्राटावर जाणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारावे.

हा केवळ हक्काचा प्रश्न असता तर तो या पानावर आला नसता. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र केलेला अभ्यास सांगतो की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आले. ही माणसे आता आपल्याच घरांत आहेत. पूर्वी साखरेची गोळी साठीत सुरू व्हायची. माझ्या डब्यात पस्तिशीच्या तीन बायका दुपारच्या गोळीची आठवण एकमेकींना करून देतात.

खुद्द बाबासाहेबांचे शरीर आपण पाहतच नाही. त्यांना मधुमेह होता, इन्सुलिन घ्यावे लागे. राज्यघटनेचे काम चालू असलेल्या काळात पायांच्या वेदनांनी त्यांना झोप लागत नसे. डॉ. मालवणकरांकडे उपचार, तिथेच डॉ. शारदा कबीर यांची ओळख, १५ एप्रिल १९४८ ला विवाह आणि पुढे माईसाहेबांनी केलेली देखभाल, हा सगळा इतिहास एका आजारी माणसाचाही इतिहास आहे. वयाच्या ६५ व्या वर्षी ते गेले. आपण ‘समाजासाठी झिजले’ असे म्हणतो आणि पुढच्या वाक्याला जातो. तिथे थोडे थांबावे असे मला वाटते. ते इतके झिजले, ते आपण झिजू नये म्हणून.

आता तंदुरुस्तीबद्दल. शनिवार-रविवारी कर्जत स्टेशनवर मुंबईची तरुण मंडळी पाठपिशव्या अडकवून उतरतात. कडाव, कशेळे करत आंबिवलीला जातात आणि पेठच्या किल्ल्यावर म्हणजे कोथळीगडावर चढतात. कुणी फार्महाऊसवर योगासनांच्या शिबिराला येतात. शहरातल्या माणसाला निरोगी व्हायला आमचा तालुका लागतो आणि आम्हाला पोट भरायला त्यांचे शहर. गाड्या एकमेकींना कुठेतरी वांगणीजवळ ओलांडत असतील. गंमत म्हणजे या पाहुण्यांचे बिछाने घालणारी, भाकऱ्या थापणारी, तरणतलाव साफ करणारी मुले-बाया आमच्या वाड्यांतल्या. त्यांचे सर्वांत जास्त तास शनिवार-रविवारी भरतात. कुणाची तंदुरुस्ती कुणाच्या रविवारावर उभी असते, हे आमच्या रस्त्यावर उघड दिसते.

याच मंडळींतले कुणी कौतुकाने म्हणतात, “तुमच्या आजीला कधी जिम लागली नसेल!” नाही लागली. आवण खणताना आणि लावणी करताना आजी दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून असायची, ते भात बहुतेक दुसऱ्याचे असायचे. आज तिला सरळ उभे राहता येत नाही. दोन्ही गुडघे गेले आहेत. कष्ट आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यायामात शरीराला किती ताण द्यायचा हे तुम्ही ठरवता आणि नंतर विश्रांती घेता. कष्टात दोन्ही दुसरा ठरवतो. ‘पूर्वीचे लोक राबत होते म्हणून निरोगी होते’ हे वाक्य ज्यांच्या आज्यांना राबावे लागले नाही, त्यांच्या तोंडी जास्त असते. तेव्हा आपल्या मुलींना ‘आमच्या वेळी आम्ही...’ असे सांगण्याआधी आजीच्या कमरेला विचारून घ्यावे.

माझ्यापुरता मार्ग मी प्रवासातच काढला आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम गतीची हालचाल सांगते. ती एका दमात करायची गरज नाही, तुकड्या-तुकड्यांनी केलेलीही मोजली जाते. ऐरोली स्टेशन ते ऑफिस मी शेअर रिक्षाने जात नाही. पंधरा मिनिटे जाताना, पंधरा येताना, पाच दिवस. दीडशे मिनिटे पुरी होतात. चाल अशी हवी की शेजारणीशी बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. शनिवार आणि रविवारी घरी उठाबशा आणि भिंतीला हात टेकून दंड, कारण नुसत्या चालण्याने स्नायूंना बळ येत नाही. संध्याकाळी ठाण्याला गाडीत शिरताना हात-पाय शाबूत ठेवण्याचा जो व्यायाम होतो, तो मी हिशेबात धरलेला नाही.

चालणे आपल्याला नवे नाही. पाली साहित्यात त्याला चंकमण म्हणतात, आपण चंक्रमण म्हणतो. ठरलेल्या वाटेवर भान ठेवून मागे-पुढे चालणे. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत. लांबच्या प्रवासाचे बळ येते, श्रम झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि मिळालेली एकाग्रता जास्त टिकते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत आजच्या डॉक्टरला खोडण्यासारखे काही सापडणार नाही. आपल्याच तालुक्यात कोंदिवडे गावाजवळ कोंढाणे लेणी आहेत. तिथे राहणारे भिक्खू भिक्षेसाठी रोज खाली येऊन पुन्हा वर चढत असणार. वर्षातून एकदा लेण्यांवर बस करून जाण्यापेक्षा महिन्यातून एकदा शेवटचे चार किलोमीटर चालत गेलो तर धम्म आणि गुडघे दोन्हींचे भले होईल.

जेवणाबद्दल थोडेच सांगते, कारण यावर इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. आपण भाताच्या मुलखातली माणसे. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेल्या वाणांना आपल्या गावाचे नाव आहे, तेव्हा भात सोडा असे मी सांगणार नाही. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकत बुद्धांसमोर आला, तेव्हा बुद्धांनीही भात सोडायला सांगितले नाही, प्रमाण ओळखायला सांगितले. राजाने एका तरुणाला जेवताना त्याची आठवण करून देण्याच्या कामावर ठेवले आणि त्याचा भात हळूहळू नळीभर मापावर आला. आपली अडचण प्रमाणाइतकीच वेळेची आहे. संध्याकाळी सहाला वडापाव आणि रात्री साडेनऊला ताटभर भात. मी सहाच्या वेळेसाठी पर्समध्ये फुटाणे-शेंगदाणे ठेवते आणि रात्री आमटीत भाजी वाढवून भात निम्मा घेते. एवढ्याने दुपारी ऑफिसात डोळे मिटणे कमी झाले.

झोपेला मात्र अशी पळवाट नाही. चालणे प्रवासात बसवता येते, खाणे पर्समध्ये बसवता येते. झोप अशी कशात बसवता येत नाही. सकाळी कर्जतला बसायला मिळते म्हणून भिवपुरी रोड यायच्या आत अर्धा डबा मान टाकतो, पण ती झोप नव्हे, ती गुंगी. माझ्या घरी मी एक नियम लावून घेतला आहे. रात्री साडेनऊनंतर ऑफिसचा ग्रुप उघडायचा नाही. पहिले दोन आठवडे वरिष्ठांनी नाराजी दाखवली. मग त्यांनी फाइली सहाच्या आत मागायला सुरुवात केली. सगळ्यांना हे जमेल असे नाही. नोकरी कशी आहे, घर किती जणांचे आहे, यावर ते अवलंबून आहे. पण मागून तरी पाहावे.

आणि छंद. आपल्या घरांत हा शब्द अजून परका आहे. छंद म्हणजे भरल्या पोटाचे चोचले, अशी एक समजूत आहे आणि तिच्यामागे उपासमारीचा खरा अनुभव आहे, म्हणून तिला हसू नये. विहारात एक जुनी पेटी होती. माझे चुलत आजोबा भीमगीतांच्या पार्टीत ती वाजवत. ते गेल्यावर ती खोक्यात पडून होती. दोन वर्षांपूर्वी मी ती दुरुस्त करून घेतली आणि रात्री वीस मिनिटे वाजवते. सूर अजून अडखळतात. पण त्या वीस मिनिटांत मी कुणाची कर्मचारी नसते आणि कुणाला काही सिद्ध करून दाखवत नसते. बोटे चुकली तरी कुणी टोमणा मारत नाही. शेजारच्या काकी विचारतात, “बाय, टीव्हीवर जानार हाईस का गाणी बोलाया?” वडील विचारतात, परीक्षा असते का याची, सर्टिफिकेट मिळते का? दोघांनाही मी नाही म्हणते आणि दोघेही थोडे निराश होतात. आपल्याकडे प्रत्येक गोष्ट कुठेतरी पोहोचवणारी असावी लागते. शिक्षण नोकरीला पोहोचवते, नोकरी घराला. पेटी कुठेच पोहोचवत नाही.

त्यांना मी बाबासाहेबांचे व्हायोलिन सांगते. एवढ्या कामात, एवढ्या आजारपणात, उतारवयात त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले. कुठली परीक्षा द्यायची होती त्यांना? अठरा तास अभ्यासाचे फलक आपण चौकाचौकात लावतो. व्हायोलिन हातात घेतलेल्या बाबासाहेबांचा फलक लावलेला मी तरी आमच्या भागात पाहिलेला नाही.

पाली ग्रंथांतली सोण कोळिविसाची कथा मला या सगळ्याच्या फार जवळची वाटते. श्रीमंत घरातला हा नाजूक तरुण भिक्खू झाला आणि त्याने चंक्रमणाचा इतका अतिरेक केला की तळपाय फुटून वाट रक्ताने माखली. तरी काही हाती लागेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. बुद्ध त्याला भेटले आणि त्यांनी विचारले ते वीणेबद्दल, कारण गृहस्थ असताना सोण उत्तम वीणा वाजवायचा. तारा फार ताणल्या तर वाजते का? नाही. फार सैल सोडल्या तर? नाही. रक्ताळलेल्या पायांच्या माणसाला समजावण्यासाठी बुद्धांनी त्याचा जुना छंद कामाला आणला. ‘आणखी जोर लाव’ असे ते म्हणाले नाहीत. आमच्या घरांत मात्र ताणलेल्या तारेचेच कौतुक होते.

यावर एक आक्षेप येणार, तो मीच मांडते. समाजाची अजून पहिली-दुसरी पिढी नोकरीत आहे. स्पर्धा कठीण आहे, सरकारी जागा आटत आहेत. अशा वेळी मुलांना ‘तास कमी करा, पेटी वाजवा’ सांगणे म्हणजे त्यांना मागे टाकणे नाही का? आक्षेप खोटा नाही. परीक्षेच्या वर्षात, घराला गरज असताना, जादा तास करावेच लागतात. मीही केले आहेत. पण ती काही महिन्यांची गोष्ट असते. ती वीस वर्षे चालू ठेवली तर चाळिशीत ज्याला समाजासाठी वेळ, पैसा आणि अनुभव देता आला असता, तो माणूस दवाखान्याच्या रांगेत असतो. आपल्या संघटनांना कार्यकर्ते मिळत नाहीत ही तक्रार दर बैठकीत होते. साडेचौदा तास बाहेर असणारी मुले बैठकीला कधी येणार, हेही त्याच बैठकीत विचारले जावे.

मुलींच्या बाबतीत तर मैदानच नाही. २०२२ साली भारतातल्या निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नव्हती, असे ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७. हा पंधरा टक्क्यांचा फरक आळसाचा नाही. आमच्या रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर मुलगी एकटी चालत निघाली तर दोन मोटरसायकली हळू होतात आणि तिसऱ्या दिवशी घरी कुणीतरी सांगून जाते. क्रिकेटच्या स्पर्धेला वर्गणी निघते, चषक येतात. मुलींनी कधी बॅडमिंटनचे जाळे मागितले तर ‘पुढच्या वर्षी बघू’.

म्हणून मागण्या साध्या ठेवते. येत्या एप्रिलमध्ये अठरा तास अभ्यास होऊ द्या, पण सकाळी आणि संध्याकाळी एकेक तास सगळ्यांना मैदानात काढा आणि दुपारी रक्तदाब व साखर तपासणीचे टेबल लावा, मुलांसाठी नाही तर त्यांना सोडायला येणाऱ्या आई-बापांसाठी. वर्षावासात रोज रात्री ग्रंथवाचन असते. त्याआधी अर्धा तास विहाराच्या आवारात बायकांनी मिळून चालायचे. दहा जणी एकत्र असल्या की मोटरसायकली हळू होत नाहीत. आवारातला एक दिवा गेले वर्षभर बंद आहे, तेवढा लावावा लागेल. ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे.

विहाराची किल्ली सध्या ज्या काकांकडे असते, ते नऊला झोपतात आणि मी कर्जतहून पोहोचते पावणेनऊला. दुसरी किल्ली करून द्यावी, असे मी मागच्या पौर्णिमेला सांगितले आहे. ते म्हणाले, “पेटीसाठी पाहिजे का चालण्यासाठी?” मी दोन्हींसाठी म्हटले. बैठकीत विषय घेतो म्हणाले आहेत.